पडद्यावरचा आलेख: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कॅसिओने १९८५ साली एफएक्स-७०००जी हा पहिला ग्राफिंग कॅल्क्युलेटर आणला आणि आलेख विद्यार्थ्याच्या हातात आला. पण हातातला चिमुकला पडदा सगळ्या वर्गाला दाखवायचा कसा? याची आज अनेक उत्तरे आहेत, तरी काही गैरसमज टिकून आहेत.

गैरसमज: केबल लावली की कोणताही कॅल्क्युलेटर प्रोजेक्टरवर दिसतो.
वस्तुस्थिती: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-८४ प्लस सीई या कॅल्क्युलेटरला यूएसबीची खाच आहे, पण ती चार्जिंगसाठी आणि फायलींच्या देवाणघेवाणीसाठी, प्रोजेक्टरला थेट चित्र पुरवण्यासाठी नाही. पूर्वी याच कंपनीचा ‘व्ह्यूस्क्रीन’ नावाचा पारदर्शक एलसीडी फलक ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवत, आणि त्याला जोडण्यासाठी शिक्षकांकरता वेगळी खाच असलेले खास कॅल्क्युलेटर मिळत. आता बहुतेक ठिकाणी लॅपटॉपवर एम्युलेटर, म्हणजे कॅल्क्युलेटरची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, चालवतात.

गैरसमज: एम्युलेटर आला, आता टेबलावरची वस्तू मोठ्या पडद्यावर दाखवणारा डॉक्युमेंट कॅमेरा कालबाह्य.
वस्तुस्थिती: दोघांची कामे वेगळी आहेत. स्मार्टव्ह्यूसारखा एम्युलेटर स्वच्छ चित्र देतो आणि दाबलेल्या बटणांची क्रमवार नोंदही दाखवतो. कॅमेऱ्याखाली मात्र खरे यंत्र आणि शिक्षकाची बोटे दिसतात. नवख्या विद्यार्थ्याला तोच आधार वाटतो. तिथे दिव्याची चमक कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर पडणार नाही, एवढी काळजी घ्यावी लागते.

गैरसमज: मोठ्या पडद्यावर आलेख अधिक अचूक दिसतो.
वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक समज. प्रोजेक्टर चित्र मोठे करतो, त्यात नवी माहिती भरत नाही. जुन्या टीआय-८४ प्लसचा पडदा ९६ × ६४ बिंदूंचा. त्यावर रेडियन मोडमध्ये, दोन्ही अक्षांच्या मर्यादा −१० ते १० ठेवून, म्हणजे ‘प्रमाणित विंडो’ लावून, y = sin(30x) काढा. खरे तर तिथे सुमारे ९५ लाटा हव्यात; दिसतात जेमतेम दीड! कारण यंत्र प्रत्येक स्तंभात x ची एकच किंमत घेते, आणि दोन स्तंभांमध्ये जवळजवळ एक अख्खी लाट निसटून जाते. त्याच प्रमाणित विंडोत वर्तुळही लंबवर्तुळासारखे दिसते, कारण दोन्ही अक्षांवरची एकके पडद्यावर सारख्या लांबीची नसतात. झूमच्या यादीतला ‘झेड-स्क्वेअर’ हा पर्याय निवडला की ते गोल होते. भिंतीवर भव्य दिसणारे चुकीचे चित्र विद्यार्थी निमूटपणे वहीत उतरवतात. म्हणून विंडो कशी निवडली, हे आलेखाइतकेच ठळकपणे शिकवायला हवे.

गैरसमज: डेस्मॉस हे आलेख काढणारे ॲप फुकट आहे, मग कॅल्क्युलेटर दाखवायचाच कशाला?
वस्तुस्थिती: हे परीक्षेवर अवलंबून आहे. डिजिटल सॅट या प्रवेशपरीक्षेत डेस्मॉस आतच दिलेले असते, तेव्हा तिथे तेच दाखवावे. मुंबई-पुण्यातल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी) शाळांमधल्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना मात्र गणिताच्या काही पेपरांत ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. त्यांना त्याच यंत्राची बटणे सरावाची हवीत. राज्य मंडळाच्या बारावीच्या पेपरात असा कॅल्क्युलेटर चालत नाही. तिथे संकल्पना समजावण्यासाठी जिओजेब्रा किंवा डेस्मॉस पुरेसे आहे.

गैरसमज: सगळ्यांना दिसले, म्हणजे सगळ्यांना समजले.
वस्तुस्थिती: तयार आलेख पाहणारा विद्यार्थी प्रेक्षकच राहतो. ‘ग्राफ’ दाबण्याआधी विचारा: वक्र अक्षाला कुठे छेदेल? किती वेळा? प्रत्येकाला अंदाज वहीत काढू द्या, मगच बटण दाबा. अंदाज आणि चित्र जुळले नाही, तर चूक विचारात आहे की विंडोत, हे वर्गानेच शोधावे. प्रोजेक्टरचा खरा उपयोग हा शोध सर्वांना एकत्र घेता यावा, यासाठीच आहे.