पुढची पाटी

मोटारीच्या नंबरप्लेटवर लेख पाहून मैत्रिणी म्हणतील, “हे खातं पुरुषांचं, ही बाई इथे कुठे शिरली?” मलाही परवापरवापर्यंत असंच वाटत होतं. गाडी चालवावी, धुवावी, पेट्रोल घालावं. पाटीबिटी काय ती ‘हे’ बघतील. पण गेल्या मे महिन्यात माझा भाचा लाल गाडी घेऊन संगमेश्वरला आला आणि मला या विषयात डोकं घालावंच लागलं.

गाडी म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. १९९० नंतरच्या दशकात गोव्यात तयार होऊ लागलेली, दोन माणसांची, बुटकी, फायबरच्या अंगाची. इंग्लंडात सुटे भाग आणून घरच्या घरी अशा गाड्या जुळवणारे हौशी लोक आहेत. आमच्या भाच्याची जात तीच. आधीच्या मालकाने पुढचा बंपर काढून दुसरा गुळगुळीत बंपर बसवलेला. कागदपत्रं रीतसर होऊन एमएच ०८ चा नंबर मिळाला, मागची पाटी लागलीही. पुढे मात्र बसवणाऱ्याने हात टेकले. “आधी पाटीला जागा करून आणा,” म्हणाला.

भाचा खुशीत. “मावशी, बरंच झालं. पाटी लावली की गाडीचं तोंडच बिघडतं. अमेरिकेत काही राज्यांत पुढची पाटी लागतच नाही. मी ती काचेच्या आत ठेवून देतो.”

मी चहा गाळत होते. हातातली गाळणी खाली ठेवली आणि त्याला आमच्या मासळीवाल्या काकींची गोष्ट सांगितली.

दोन पावसाळ्यांपूर्वी काकी सकाळी टोपली घेऊन महामार्गावरून येत होत्या. मी शाळेला निघाले होते. (मी इथल्या शाळेत अर्धवेळ शिकवते.) समोरून गाडी आली, काकींना ढकलून क्षणभर थांबली आणि वळणाआड गेली. रस्त्यावर बांगडे विखुरलेले, काकींचा हात मोडलेला. पोलिसांनी विचारलं, “नंबर?” काकी म्हणाल्या, “माझ्या समोरच उभी होती हो! पण पुढे पाटीच नव्हती.” पाऊस एवढा, की मागचा नंबर मलाही वाचता आला नाही. गाडी सापडली नाही ती नाहीच. काकींचे तीन महिने घरात गेले.

तेव्हा मला कळलं, मागची पाटी मागून येणाऱ्यासाठी असते. पण ज्याच्या अंगावर गाडी येते, त्याला दिसते ती पुढचीच.

भाचा गप्प बसला. मग म्हणाला, “पण लावायची कशी? फायबरला भोक पाडलं तर तडा जाईल.”

इथे माझं शिवणकाम उपयोगी पडलं. कापड कापण्याआधी आपण कागद बेततो ना, तसंच केलं. चारचाकीच्या पाटीची मापं दोन: ५०० बाय १२० मिलिमीटर किंवा ३४० बाय २०० मिलिमीटर. त्याची लांबट होती. त्या मापाचा पुठ्ठा कापला, चिकटपट्टीने गाडीला लावला आणि लांबून पाहिला. पहिल्यांदा तो हवा आत जायच्या जाळीवर आला. तिथे पाटी लावली तर इंजिन तापायचं. दुसऱ्यांदा इतका खाली, की गतिरोधकावर घासलाच असता. तिसऱ्यांदा जागा जमली.

मेस्त्रींनी बंपरला हातच लावला नाही. आतल्या लोखंडी आधारातून, जाळीखालून दोन पट्ट्या पुढे काढल्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमची चौकट बसवली. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, कारण आपल्या कोकणच्या हवेत साधं लोखंड एका पावसाळ्यात गंजतं. मध्ये रबरी वायसर, म्हणजे खडखड नाही. फायबरला भोक पाडणं अगदीच भाग पडलं, तर आधी चिकटपट्टी लावावी, बारीक ड्रिलने हळू सुरुवात करावी, आतून रुंद पट्टीचा आधार द्यावा आणि नाकाला फडकं बांधावं. ती धूळ छातीला वाईट.

पाटी मात्र घरी ठोकायची नाही. ती पुन्हा न उघडणाऱ्या खास कुलपी रिबिटांनीच केंद्रावर बसवून घ्यायची. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ही उच्च सुरक्षा पाटी विक्रेत्याकडूनच लागून येते. आधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. तिच्यावर अशोकचक्राचा चकाकता शिक्का आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. २०२५ साली राज्यात ठरलेला दर दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५ रुपये, वर कर. नोंदणी परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. तशीच दिसणारी खोटी संकेतस्थळं पैसे उकळतात. आरसी बुक जवळ ठेवावं, चॅसी आणि इंजिनचा नंबर लागतो.

पाटी धुताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. भांड्यांची घासणी चालवू नका, वरचा चकाकता थर जातो. आकडे वळवून ‘४१४१’ चं ‘दादा’ करण्याची हौस तर घरातल्या मुलांना मुळीच करू देऊ नका.

आणखी एक. धडक देणारी गाडी सापडली नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्राच्या योजनेत गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज महसूल खात्याच्या चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला असू द्या.

भाचा पाटी लावून परत आला, तेव्हा काकी अंगणात बांगडे निवडत होत्या. त्यांना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. बसल्या जागेवरून त्यांनी गाडीचे चारही आकडे मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, “हां, आता बरी दिसते.”

आज संध्याकाळी तुम्हीही आपल्या स्कूटरपुढे दहा पावलांवर उभ्या राहा. नंबर वाचता येतो का, बघा.