घोड्याचा डोळा आणि गेनचं बटण

मोतीबिंदू झालेल्या घोड्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे नुसता मोतीबिंदू पाहून ठरत नाही. मागचं दृष्टिपटलच सुटलेलं असेल तर ऑपरेशन करूनही घोड्याला दिसणार नाही. पण पांढरं पडलेलं भिंग मागचं काही बघू देत नाही. प्रकाश अडतो तिथून ध्वनी जातो, म्हणून अल्ट्रासाऊंड.

तपासणीत घोडा उभाच असतो, हलक्या गुंगीत. अडचण पापणीची: तिचा स्नायू इतका दणकट की डोळा हाताने उघडून धरणं कठीण. म्हणून पापणी मिटवणाऱ्या मज्जातंतूपाशी इंजेक्शन देतात. त्याने हालचाल थांबते, संवेदना जात नाही. तिच्यासाठी थेंब वेगळे. (प्रोटोकॉल वाचताना मी बरेच दिवस हे दोन्ही एकच समजत होते.)

प्रोब कोणता? घोड्याचा डोळा पुढून मागे साधारण 4 सेंमी, आपला 2.4. 10 मेगाहर्ट्झला तरंगलांबी येते 0.15 मिमी, त्याहून जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दिसतील अशी अपेक्षा नको. मग 50 मेगाहर्ट्झ का नाही? कॉर्निया सुंदर दिसेल, पण ध्वनी दृष्टिपटलापर्यंत पोचणारच नाही.

खरी गंमत गेनमध्ये आहे. सुटलेलं दृष्टिपटल पडद्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखं दिसतं, कारण मज्जातंतूपाशी ते चिकटलेलंच राहतं. पण गेन चढवला की भिंगामागच्या पोकळीत ठिपके, धागे, रेषा असं बरंच काही उगवतं. काही खरं असतं, जुना रक्तस्राव वगैरे. काही मात्र प्रोब आणि पापणी यांच्यात आपटत राहिलेले प्रतिध्वनी. मग गेन उतरवून बघायचं: दृष्टिपटलाची रेषा सहसा टिकते, बारीकसारीक धागे विरतात. प्रोबही हलवून बघायचा, कारण खोटी रेषा त्याच्यासोबत सरकते. आणि बाहुलीच्या वरच्या कडेला गाठीसारखं काही दिसलं तर लगेच ट्यूमर लिहू नका. घोड्याला तिथे काळसर उंचवटे असतातच, कॉर्पोरा नायग्रा.

एक राहिलं. यंत्र अंतर मोजत नाही, वेळ मोजतं, आणि सगळीकडे सेकंदाला 1540 मीटर वेग धरून अंतर काढतं. भिंगात ध्वनी याहून जोरात धावतो, त्यामुळे भिंग असतं त्यापेक्षा पातळ भरतं. पेपरात भिंगाची जाडी दिसली की आधी पद्धतीच्या भागात जाऊन वेग कोणता धरलाय ते शोधा.