बोलण्याचीही तालीम हवी

बारावीला उत्तम गुण मिळवून लातूरचा मुलगा पुण्याला मुलाखतीला जातो आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. नांदेड जिल्ह्यातल्या एखाद्या बचत गटाची अध्यक्ष गटाचा हिशेब तोंडपाठ सांगते, पण बँकेच्या साहेबांसमोर तिच्या तोंडून दोन वाक्ये निघत नाहीत. विषय दोघांनाही येतो. चारचौघांत उभे राहून तो मांडायची सवय तेवढी नसते. ही सवय घरात एकट्याने लागत नाही. त्यासाठी माणसे लागतात: मन लावून ऐकणारी, वेळ मोजणारी आणि चूक आपुलकीने सांगणारी. अशी माणसे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकत्र येतात, ते वक्तृत्व मंडळ. असे मंडळ नांदेड-लातूरच्या गल्लोगल्ली निघावे, असे मला मनापासून वाटते.

उशिरा मिळालेला सराव

मुंबईत 1848 साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. दादाभाई नौरोजी त्याच वर्तुळातले. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नावच वक्तृत्वोत्तेजक सभा. लोकांनी बोलावे, यासाठी संस्था काढावी लागते, हे त्या पिढीने ओळखले होते.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथे सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी लागे. तसा ‘गश्ती निशाण 53’ हा हुकूमच होता. अशा दडपणातही 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा उभा राहिला आणि 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मोकळा झाला. आपल्याकडे बुद्धी कमी नव्हती. उघडपणे बोलायचा सराव मात्र आपल्याला दोन-तीन पिढ्या उशिरा मिळाला.

ती उणीव भरून काढायला शिक्षणसंस्था पुढे आल्या. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 साली सुरू झाले. तिथले प्राध्यापक आणि नंतरचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी व्याख्यान हेच लोकशिक्षणाचे साधन मानले. इतिहास, साहित्य, संगीत, लोकशाही अशा कितीतरी विषयांवर ते महाराष्ट्रभर बोलत राहिले. 10 फेब्रुवारी 1982 रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. कुरुंदा गावातून आलेला हा माणूस महाराष्ट्राला विचार करायला लावत होता, हा नांदेडचा वारसा आहे.

सात मिनिटांची शिस्त

व्याख्यानमालेत एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. मंडळात प्रत्येकाला बोलावे लागते. या पद्धतीचा सर्वांत नेटका नमुना म्हणजे टोस्टमास्टर्स. राल्फ स्मेडली हे अमेरिकेत वायएमसीए संस्थेत काम करत. तरुणांना भाषण करणे आणि सभा चालवणे जमत नाही, हे पाहून त्यांनी 1905 मध्ये पहिला प्रयोग केला. 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावी त्यांनी जो क्लब काढला, त्यातून ही जगभरची संस्था वाढली. स्त्रियांना अधिकृत सभासदत्व मात्र 1973 साली मिळाले. आज पुण्या-मुंबईतही तिचे क्लब आहेत.

बैठकीची रीत ठरलेली असते. नव्या सभासदाचे पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे, चार ते सहा मिनिटांचे. पुढची भाषणे बहुधा पाच ते सात मिनिटांची. वेळ सांगायला हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग दाखवतात. मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलायचे. एक जण ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युली’ असे अडथळे मोजतो, दुसरा भाषेकडे लक्ष देतो. शेवटी प्रत्येक तयार भाषणाचे मूल्यमापन होते: काय पोचले, काय सुधारता येईल आणि ते कसे.

या रीतीचे खरे बळ कामाच्या पाळीत आहे. आज जो वक्ता, तो पुढच्या वेळी घड्याळ धरतो आणि त्यानंतरच्या बैठकीत अध्यक्ष होतो. न दुखावता चूक सांगणे, रेंगाळलेल्या माणसाला थांबवणे, बैठक वेळेत संपवणे हे सगळे तो करून शिकतो. नेतृत्व म्हणतात ते यातूनच अंगी येते.

किल्लारीच्या बायांनी दाखवलेली वाट

याची साक्ष आपल्याच मातीत आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पुनर्बांधणीच्या काळात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतल्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ म्हणून जबाबदारी मिळाली. घराच्या दुरुस्तीसाठी काय मिळते, भिंत भूकंपाला कशी टिकेल, अडलेले काम कुणाकडे न्यायचे, हे या बाया गावाला समजावून सांगू लागल्या. एरवी उंबऱ्याआडून ऐकणाऱ्या बायका अधिकाऱ्यांसमोर गावाचे म्हणणे मांडू लागल्या. आधी आपसांत बोलणे, मग गावात, मग तालुक्याला, अशा पायरीपायरीने त्यांचा आवाज वाढला.

2011 पासून महाराष्ट्रात पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदाच आहे. ती कागदावर न उरकता खरोखर भरवली, तर गावोगावी बोलण्याच्या सरावाची जागा तयारच आहे.

मंडळ काढायचे तर

टोस्टमास्टर्सचा रीतसर क्लब काढायला वीस सभासद लागतात. आपल्या मंडळाला आठ-दहा जण पुरेत. शाळेची खोली, वाचनालय किंवा मंदिराचा ओटाही चालेल. पंधरवड्यातून एकदा दीड तास भेटावे. तीन तयार भाषणे, चार-पाच आयत्या वेळचे विषय आणि प्रत्येक वक्त्याला एक मूल्यमापक, एवढे बसते. मूल्यमापकाने आधी एक जमेची बाजू सांगावी, मग एकच सुधारणा नेमकेपणाने सांगावी. पदाधिकारी दर सहा महिन्यांनी बदलावेत. रोटरी आणि लायन्सच्या शाखा दोन्ही शहरांत आहेत. सभा चालवण्याचा अनुभव असलेली माणसे तिथे भेटतील.

भाषेचे दडपण घेऊ नये. ‘काय करलालास’ म्हणणाऱ्या पोराने त्याच बोलीत पहिले भाषण करावे. विचार सरळ असला की बोली आड येत नाही. प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी पुढे सरावाने येतात. भाषण पाठ मात्र करू नये. पहिले वाक्य, तीन मुद्दे आणि शेवटचे वाक्य डोक्यात पक्के असले की बाकीचे आपोआप सुचते.

पीकविम्याची तक्रार असो, शाळेतल्या शिक्षकांची रिकामी जागा असो की टँकरच्या फेऱ्या असोत, आपले प्रश्न नीट मांडणारा माणूस प्रत्येक गावाला लागतो. असा माणूस बाहेरून येण्याची वाट आपण फार काळ पाहिली. तो आपल्यातच आहे, गप्प बसलेला. त्याला दर पंधरवड्याला सात मिनिटे उभे राहू देणे आणि ती सात मिनिटे मनापासून ऐकणे, एवढे तरी आपण नक्की करू शकतो.