आपल्याच माणसांना कळणारी बोली



लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून आपण सगळ्याच 'च'ची भाषा बोललोय. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात, तीही गुप्त बोलीच. आज अशाच एका बोलीबद्दल बोलू.

त्याचं झालं असं. उल्हासनगरच्या आमच्या एका गटात एका ताईंनी विचारलं, "मुलगा फोनवर मित्राशी भलतेच शब्द बोलतो. त्याला बाहेरचं काही झालंय का?" काही जणी हसल्या. आम्हीही हसलो. मग माहिती काढली, तेव्हा हसल्याची लाज वाटली.

बदलापूर-अंबरनाथच्या लोकलमध्ये टाळी वाजवत येणारे तृतीयपंथी आपण रोज पाहतो. त्यांची आपसांतली एक बोली आहे. तिला 'फारसी' म्हणतात, पण ती इराणची फारसी नव्हे. वाक्याची ठेवण हिंदी-उर्दूसारखी, बरेच शब्द मात्र त्यांचे स्वतःचे. गुरूकडून चेल्याला ती तोंडी मिळते. समलैंगिक पुरुषांमध्येही तिच्यातले शब्द चालतात. बायकी वळणाचा पुरुष म्हणजे 'कोती' आणि त्याला आवडणारा मर्दानी पुरुष म्हणजे 'पंती'.

हे लपवायची वेळ का आली? इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं. पुरुषापुरुषांतला संबंध गुन्हा ठरला, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. १८७१ च्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानात हिजड्यांची सरकारदरबारी नोंद सुरू झाली. नोंद झालेला हिजडा बायकी कपड्यांत रस्त्यावर दिसला, तर अटक व्हायची. मग चारचौघांत आपलं माणूस ओळखायचं कसं, पोलीस आले हे सांगायचं कसं? शब्दांनीच!

खुद्द इंग्लंडातही समलैंगिक पुरुषांची 'पोलारी' नावाची बोली होती. तिथला कायदा १९६७ साली बदलला, भीती कमी झाली आणि पोलारी हळूहळू मागे पडली.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दोन सज्ञान माणसांचा राजीखुशीचा संबंध गुन्हा नाही. कोर्टाची भीती गेली. घरातली गेली का?

त्या ताईंना आम्ही एवढंच म्हणालो, "शब्दांचा अर्थ दरडावून विचारू नका. आपल्या घरात त्याला कशाची धास्ती वाटते, ते बघा." पुढच्या बैठकीत त्या म्हणाल्या, "काही विचारलं नाही. चहा दिला आणि शेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी तो आपणहून बोलला."

काय बोलला, ते आम्हीही विचारलं नाही.