घोडेस्वारीचे उंच बूट: आधी माप, मग चामडे

घोडेस्वारीचा उंच बूट गुडघ्याच्या जेमतेम खाली संपतो आणि त्याची सगळ्यात जास्त झीज चारचौघांना न दिसणाऱ्या जागी, पायाच्या आतल्या बाजूला होते. स्वाराची पोटरी घोड्याच्या अंगाला आणि खोगिराच्या बाजूला सतत घासत असते. रिकिबीचा पट्टा नडगीपाशी चिमटे काढतो, तंगाची बकले टोचतात. हे सगळे नुसत्या विजारीवर सोसायचे म्हटले तर थोड्याच वेळात कातडी सोलवटते. पोटरी झाकणारी बुटाची उभी नळी हा मार झेलते आणि पाय एका जागी स्थिर ठेवायलाही मदत करते. रुबाबाचा भाग आहेच, पण तो नंतरचा.

त्याहून महत्त्वाचे काम टाच करते. रिकिबीतून पाऊल आरपार गेले आणि स्वार खाली पडला, तर घोडा त्याला फरफटत नेऊ शकतो. सुमारे अडीच सेंटीमीटरची ठसठशीत टाच पावलाला पुढे सरकू देत नाही. तळ मात्र गुळगुळीत किंवा अगदी उथळ नक्षीचा हवा, म्हणजे पडताना पाय चटकन सुटतो. डोंगर चढायच्या बुटांचे खोल खाचांचे तळ रिकिबीत अडकतात, म्हणून ते कितीही दणकट असले तरी घोड्यावर चालत नाहीत. रिकीब बुटाच्या तळापेक्षा साधारण अडीच सेंटीमीटर रुंद असावी असा संकेत आहे. जाड बूट घेतला तर जुनी रिकीब पुरते का, हेही पाहावे लागते.

उंच बुटांत मुख्य प्रकार दोन. फील्ड बुटाला घोट्याच्या पुढे नाडी असते. ती सैल-घट्ट करून पावलाचा वरचा उंचवटा सामावून घेता येतो आणि घोटा वाकायला जागा राहते. अडथळ्यांवरून उडी मारताना रिकिबी आखूड बांधतात, तेव्हा घोटा जास्त दुमडतो, म्हणून उडीचे स्वार हाच प्रकार पसंत करतात. ड्रेस बुटाचा पुढचा भाग सपाट, बिननाडीचा. ड्रेसाज या घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या खेळासाठी त्याचाच अधिक ताठ अवतार मिळतो, त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा चांगलीच उंच असते. पोलोचे तपकिरी, जाड बूट हा वेगळाच संसार आहे. चेंडू आणि मॅलेटचा मार खायला ते बनवलेले असतात, रोजच्या शिकण्याला नव्हेत. एकच जोड घेऊन त्यावर सगळे भागवायचे असेल, तर काळा फील्ड बूट घ्यावा. तो उडीला चालतो, साध्या स्वारीला चालतो, आणि नाडीमुळे पावलाच्या मापातली थोडी चूकही पदरात घेतो.

उंच बूट प्रत्येकाला लागतातच असे नाही. शिकाऊ स्वाराचे काम घोट्यापर्यंतचा जोधपूर बूट आणि वर पोटरीला गुंडाळायचे हाफ चॅप्स यांवर उत्तम भागते, खर्चही बराच कमी येतो. वाढत्या वयाच्या मुलांना तर हाच मार्ग बरा, कारण मुलगा दोन बोटे उंच झाला की उंच बूट निकामी होतो. आठवड्यातून अनेकदा बसणारा, स्पर्धेत उतरू पाहणारा आणि ज्याची उंची वाढायची थांबली आहे असा स्वार या खरेदीचे खरे गिऱ्हाईक. पहिला खर्च मात्र चांगल्या शिरस्त्राणावरच व्हायला हवा. बूट त्यानंतर.

मध्यम खर्चात सगळ्याच गोष्टी उत्तम मिळत नाहीत, त्यामुळे पैसे कुठे घालायचे हे आधी ठरवावे लागते. बुटाचे काही भाग पुढे बदलता येतात: चेन, टाचेचा थर आणि तळ शिवलेला असेल तर तळही. काही भाग मात्र घेतले तसेच राहतात. नळीची उंची वाढवता येत नाही, पावलाचा साचा बदलत नाही आणि हलके चामडे पॉलिशने भारी होत नाही. चकचकीत बकले, नळीच्या वरची नक्षी, चमकदार पेटंट चामड्याचा पट्टा यांसाठी जास्त मोजलेले पैसे बुटाच्या आयुष्यात एका दिवसाचीही भर घालत नाहीत.

माप दिवसा उशिरा घ्यावे, कारण संध्याकाळपर्यंत पाय किंचित सुजलेले असतात. ज्या ब्रिचेस (स्वारीच्या घट्ट विजारी) आणि जे मोजे घालून घोड्यावर बसायचे, तेच अंगावर हवेत. खुर्चीवर बसून गुडघा काटकोनात ठेवायचा, पाऊल जमिनीवर सपाट टेकवायचे आणि मागून जमिनीपासून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत उंची मोजायची. पोटरीचा घेर जिथे सर्वांत जास्त तिथे टेप फिरवायची, ओढून नव्हे, नुसती टेकवून. दोन्ही पाय मोजावेच लागतात. उजव्या-डाव्या पोटरीत थोडा फरक बहुतेकांच्या पायांत असतो आणि बूट मोठ्या पोटरीच्या मापाने घ्यायचा असतो. पावलाचे माप नंबरात सांगण्यापेक्षा सेंटीमीटरमध्ये लांबी आणि चवड्याची रुंदी सांगणे सुरक्षित, कारण इंग्लिश, युरोपीय आणि अमेरिकी नंबर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. आयुष्यभर अनवाणी किंवा चपलांवर वावरलेल्या पायांचा चवडा पसरट असतो आणि युरोपीय साच्यांचे बूट त्याला चिमटतात. अशा वेळी एक नंबर मोठा घेण्याचा मोह होतो. मग टाच आत वर-खाली होते, फोड येतात आणि पाऊल रिकिबीत डगमगते. रुंद साच्याचा बूट शोधणे हाच त्यावरचा उपाय.

उंचीच्या बाबतीत नवे गिऱ्हाईक हमखास फसते. नवा बूट ताठ असतो. वापरता वापरता घोट्यापाशी चुण्या पडतात आणि नळी 2 ते 5 सेंटीमीटर खाली बसते. दुकानात जो बूट अगदी बेतशीर वाटतो, तो सहा महिन्यांनी आखूड पडतो आणि त्याची वरची कड खोगिराच्या कडेखाली अडकायला लागते. म्हणून नवा बूट गुडघ्यामागे थोडा टोचेल इतका उंच असायला हवा. हा त्रास काही आठवड्यांचा. तोवर टाचेखाली आत एक पातळ गादी ठेवली की पाय जरा उचलला जातो आणि गुडघ्यामागची कातडी वाचते. बूट खाली बसत जातो तशी ती गादी काढून टाकतात. ताठ ड्रेसाज बूट तुलनेने कमी खाली बसतो, त्यामुळे तिथे ही सवलत कमी धरायची.

घेराचा नियम उलट दिशेने चालतो. पोटरीवर बूट सुरुवातीला घट्टच हवा, चेन लावायला थोडा जोर लागावा, पण चेनीचे दात ताणून फाकता कामा नयेत. खरे चामडे पोटरीपाशी थोडे पसरते. आज ज्या नळीत दोन बोटे सहज शिरतात, ती उद्या ढगळ होणार आणि ढगळ नळीच्या चुण्या आतल्या बाजूला खरचटवतात. चांगल्या कारागिराकडे नळी ताणण्याचे यंत्र असते. मागच्या शिवणीत लवचीक पट्टी घालून घेर वाढवताही येतो, शिवण आत घेऊन कमीही करता येतो. बूट घालून उभे राहून पाहणे पुरेसे नाही. उकिडवे बसून, जिना चढून आणि शक्य असेल तर खोगिरावर बसून पाहावे. टाच खाली दाबल्यावर घोट्याच्या पुढे टोचत असेल तर तो बूट परत ठेवलेला बरा.

चामड्याची पारख अवघड वाटते तितकी नाही. जनावराच्या कातड्याचा वरचा थर सर्वांत घट्ट विणीचा असतो. तो शाबूत ठेवून कमावलेले चामडे सर्वांत टिकाऊ. स्वस्त बुटात हा थर घासून त्यावर रंगाचा जाड लेप आणि छापील दाणे चढवलेले असतात, किंवा खालचा भुसभुशीत थरच वापरलेला असतो. अंगठ्याने दाबले की चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि सोडल्यावर विरतात. लेप दिलेल्या चामड्यावर फारसे काही उमटत नाही, आणि पुढे घोट्याच्या घडीत तो लेप तडकतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते घट्ट आणि ताठ असते. उंच बुटाच्या नळीला त्यापेक्षा मऊ, वाकणारे चामडे लागते, म्हणून ते बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले असते. आतल्या बाजूला, जिथे खोगीर घासते, चामड्याचा जादा थर शिवलेला असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजायला हरकत नाही.

कृत्रिम चामड्याचे बूट अगदीच टाकाऊ नसतात. ते हलके आणि स्वस्त असतात, पाण्याने लवकर बिघडत नाहीत. पण ते पायाच्या आकाराप्रमाणे पसरत नाहीत, घाम आत कोंडतात आणि एकदा सोलले की दुरुस्तीला वाव राहत नाही. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडच्या चिखलात रोज बसणाऱ्यांनी रबरी उंच बूट दुसरा जोड म्हणून ठेवला तर चामड्याच्या बुटाचे आयुष्य वाढते.

नव्या बुटात सर्वांत आधी मोडते ती चेन. पूर्वीचे बूट बिनचेनीचे असत. आकड्यांनी ओढून चढवायचे आणि लाकडी फळीच्या खाचेत टाच अडकवून काढायचे. त्यात मोडण्यासारखे काही नव्हते, पण असा बूट घोटा आणि पोटरी या दोन्हींच्या मापाला जुळवणे फार अवघड आणि म्हणून महाग. आज मध्यम किमतीच्या बहुतेक बुटांना मागे चेन असते. ती जाड दातांची, वायकेकेसारख्या नावाजलेल्या बनावटीची, खाली चामड्याची झडप आणि वर बटण असलेली असावी. चेन लावताना चिखल झाडून, पाय सरळ धरून, हळू ओढली की ती वर्षानुवर्षे टिकते. अर्धी उघडी ठेवून तबेल्यात फिरणे हे तिच्या मोडण्याचे नेहमीचे कारण.

तळ शिवलेला आहे की चिकटवलेला, हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारावे. गुडइअर वेल्ट या एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीत बुटाच्या कडेने एक चामडी वादी शिवतात आणि तळ त्या वादीला शिवला जातो. तळ झिजला की तेवढाच उसवून नवा लावता येतो, वरच्या भागाला धक्का लागत नाही. नुसता चिकटवलेला तळ निघाला की पुन्हा पक्का बसेलच असे नाही. कडेची शिवण कधीकधी केवळ दिखाव्याला साच्यातच ओतलेली असते. तिच्यात नखाने दोरा जाणवतो का, एवढे पाहिले तरी फसवणूक उघड होते.

घ्यायचे कुठे, याची उत्तरे भारतात निराळी आहेत, कारण ही वस्तू इथेच बनते. कानपूरचे खोगीरकाम इंग्रजी अमलात लष्कराच्या गरजेतून वाढले. 1860च्या दशकात तिथे सरकारी हार्नेस अँड सॅडलरी फॅक्टरी उभी राहिली, पुढे कूपर अ‍ॅलन कंपनी लष्करासाठी बूट बनवू लागली. कानपूरच्या खोगीरकामाला आता भौगोलिक मानांकन आहे आणि तिथले लहानमोठे कारखाने परदेशी व्यापाऱ्यांना माल पुरवतात. मापावरून शिवून देणारेही तिथे आहेत. युरोपातून मापाचा बूट मागवण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळच स्वस्त पडतो, पण माप पाठवणाऱ्याने आळस करून चालत नाही. कागदावर दोन्ही पावलांची रूपरेषा, चवड्याचा आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर, टाचेपासून उंचवट्यापर्यंतचा तिरका घेर, घोट्याचा घेर आणि तिथून वर दर पाच सेंटीमीटरवर पोटरीचा घेर, एवढे पाठवले तरच बूट नीट बसतो. दिलेले माप उघड्या पायाचे की ब्रिचेसवरचे, आणि खाली बसण्यासाठी उंचीत वाढ कारागिराने धरायची की मापातच धरली आहे, हे लिहून कळवावे. नाहीतर दोघेही ती वाढ धरतात, किंवा दोघेही सोडून देतात.

वापरलेला चांगला बूट नव्या हलक्या बुटापेक्षा पुष्कळदा सरस ठरतो. तो आधीच खाली बसलेला असल्यामुळे त्याची उंची आहे तीच धरायची. घोट्याच्या चुण्यांत भेगा, आतल्या बाजूला पातळ झालेले चामडे आणि चेनीच्या कडेची उसवलेली शिवण हे दोष आधी तपासायचे. चामड्यातली भेग दुरुस्त होत नाही. चेन बदलण्याचा खर्च मात्र किमतीतून वळता करून मागता येतो.

जपणुकीचे काम रोज थोडे आणि महिन्याला थोडे. घोड्याच्या घामातले क्षार चामडे कोरडे करतात, म्हणून स्वारीनंतर ओल्या फडक्याने पुसून सॅडल सोप लावायचा. तेल बेतानेच, कारण अति तेलाने घोटा लुळा पडतो आणि नळी कोसळते. आतल्या बाजूला पॉलिश लावत नाहीत, ते खोगिराला लागते आणि पायाची पकडही निसटती होते. भिजलेला बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवायचा, शेगडीजवळ किंवा उन्हात नव्हे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर बुरशी अटळ असते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला बूट तिला जास्तच लवकर बळी पडतो, म्हणून कापडी पिशवी, आत साचा किंवा कागद आणि हवा खेळेल अशी जागा हवी. बुरशी आलीच तर घराबाहेर कोरड्या ब्रशने झाडून, पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने पुसतात. पॉलियुरेथेनच्या तळांना हवेतल्या ओलाव्याचा आणखी एक धोका असतो. ओलाव्याने ते आतून विघटित होतात आणि न वापरता कपाटात राहिलेल्या बुटाचाही तळ काही वर्षांनी भुगा होऊन पडतो. दुकानात बराच काळ पडून राहिलेला आणि म्हणून सवलतीत मिळणारा असा जोड घेण्याआधी तळ दोन्ही हातांनी वाकवून बघावा. कडेला बारीक तडे उमटले, तर सवलत कितीही मोठी असली तरी तो घेऊ नये.