वाहत्या पाण्याचे आणि वाऱ्याचे शास्त्र

खोपोलीच्या डोंगरावरून खाली उतरणारे जाड नळ आपण सर्वांनी पाहिले आहेत. वर लोणावळ्याच्या बाजूला वळवण, शिरोता अशी धरणे आहेत. त्यांचे पाणी या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते. खाली वीजघर आहे. तेथे पाण्याला बारीक तोंडातून बाहेर काढतात. मग ते बाणासारखे सुटते. समोर मोठे चाक असते, चाकाला वाट्या असतात. पाणी वाट्यांवर आदळते, चाक गरगर फिरते आणि वीज होते. हे वीजघर 1915 साली सुरू झाले. त्याच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या.

नळ किती जाड असावा? तोंड किती बारीक ठेवावे? हे अंदाजाने ठरवून भागत नाही. त्यासाठी एक शास्त्रच आहे. पाणी, तेल, हवा या वस्तू कशा वाहतात ते हे शास्त्र सांगते. तुम्ही म्हणाल, पाणी आणि हवा सारखी कशी? पण पाहा, दोन्ही वाहतात, दोन्ही वाट मिळेल तिकडे वळतात, दोन्ही अंगाला रेटा देतात. म्हणून दोघांचे बरेचसे नियम एकच आहेत.

या शास्त्रात मोठे नाव मिळवलेले एक प्राध्यापक आपल्या महाराष्ट्रातले होते. त्यांचे नाव विष्णू माधव घाटगे. त्यांचा जन्म 1908 साली कोल्हापूरकडच्या हसूरचंपू या खेड्यात झाला. हे गाव गडहिंग्लजजवळ आहे. मुंबईचे शिक्षण संपवून ते जर्मनीत गटिंगन गावी गेले. तेथे प्रांटल नावाचे थोर गुरू होते.

प्रांटल यांनी काय शोधले? नदी उतरताना आपण पाहतो, मधे ओढ फार असते, काठाला पाणी संथ असते. नळातही असेच होते. नळाच्या आतल्या अंगाला लागलेले पाणी जणू चिकटून राहते. त्या पातळ थराचे महत्त्व प्रांटल यांनी 1904 साली जगाला दाखवून दिले. हवेचाही असाच थर विमानाच्या पंखाला लागून असतो.

विमानाचा पंख समोरून येणारी हवा खाली वळवतो. हवा खाली ढकलली की हवाही पंखाला वर ढकलते. त्यावर विमान तरंगते. पण पंख फार तिरका झाला, तर तो पातळ थर पंख सोडून निसटतो. मग वरचा आधार तुटतो आणि विमान कोसळू लागते. म्हणजे पंखाचा आकार ठरवणे हे जोखमीचे काम. हिशेब चुकला तर माणसाचा जीव जातो.

ही विद्या घेऊन घाटगे परत आले. 1940 साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साथीने बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. घाटगे तेथे कामाला लागले. 1942 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला. घाटगे त्याचे प्रमुख झाले. आपल्याच देशात, आपली मुले ही विद्या शिकू लागली.

पुढे घाटगे यांच्या देखरेखीखाली एचटी-2 नावाचे विमान आखले गेले. 5 ऑगस्ट 1951 रोजी ते प्रथम उडाले. ते लढाऊ विमान नव्हते. त्यात दोनच जागा, एक गुरूची आणि एक शिष्याची. आपण पाटीवर अक्षरे गिरवतो ना, तसे आपल्या हवाई दलातल्या कितीतरी वैमानिकांनी उडण्याचे पहिले धडे या विमानात गिरवले. 1964 साली घाटगे यांचे किरण हे जेट विमान उडाले. तेही शिकाऊ वैमानिकांसाठीच. 1965 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. 1991 साली ते वारले.

पाहा मंडळी, विद्या आणली, ती वाटली, आणि शिकणाऱ्यांसाठीच विमाने केली! आता शेताच्या पाटाला पाणी सोडाल तेव्हा जरा थांबून बघा. पाणी कोठे धावते? कोठे रेंगाळते? पाट अरुंद केला तर काय होते? पोराबाळांनाही दाखवा. या शास्त्राचा पहिला धडा तुमच्या बांधावरच आहे.