अस्तरातली शिदोरी

बचत गटाच्या बैठकीनंतर एक आई हळूच म्हणाली, "ताई, पोरीला पाळीत नऊ-नऊ दिवस अंगावरून जातं. सासूबाई म्हणतात, उष्णता आहे, लग्न झालं की होईल बरोबर." मुलगी १४ वर्षांची. खोदून विचारलं तर कळलं, तिचा घोळणाही वरचेवर फुटतो.

मैत्रिणींनो, उष्णतेवर ढकलून मोकळं होण्याआधी थोडं समजून घेऊ या. ब्लाउजला असतं तसं आपल्या रक्तवाहिन्यांनाही आतून अस्तर असतं, जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. या पेशींत काडीच्या आकाराच्या सूक्ष्म पिशव्या असतात. वायबेल आणि पॅलेड या शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्यांचं वर्णन केलं. त्यांत 'व्हॉन विलेब्रँड फॅक्टर' हे प्रथिन लोकरीच्या गुंड्यासारखं गुंडाळून ठेवलेलं असतं. एरवी ते रक्तात थोडंथोडंच जातं. जखम झाली की पेशीतलं कॅल्शियम वाढतं, पिशव्या कडेला येऊन उघडतात आणि गुंडा उलगडतो. त्या धाग्यांना प्लेटलेट्स चिकटतात, रक्त थांबायला लागतं. नको तेव्हा हा साठा सांडला तर गुठळ्या होतील, म्हणून पेशी तो हात राखूनच वापरतात.

काहींच्या शरीरात हे प्रथिन जन्मतःच कमी किंवा सदोष असतं. फिनलंडचे डॉ. एरिक व्हॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये हा आजार मांडला. त्यांच्याकडे आलेली ऑलंड बेटांवरची चिमुरडी पुढे चौथ्या पाळीतच रक्तस्रावानं गेली. हा आजार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो, पण दर महिन्याला परीक्षा असते ती बाईची!

आज उपाय आहेत. डेस्मोप्रेसिन हे औषध पिशव्यांतला साठा बाहेर सोडायला लावतं. ते सगळ्यांना चालत नाही, पण इतरही औषधं आहेत. कोणतं द्यायचं ते डॉक्टरच ठरवतील.

आमच्या त्या मुलीला हाच आजार निघाला. लग्नानं तो थोडाच जाणार होता!

तेव्हा पाळी सात दिवसांवर लांबत असेल, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, घोळणा फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर डॉक्टरांना हे सगळं एकत्र सांगा. नुसत्या हिमोग्लोबिनच्या तपासणीत हा आजार कळत नाही, त्याची चाचणी वेगळी असते. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या मनानं घेऊ नका. आणि लेकीला 'सहन कर' म्हणण्याआधी एकदा विचारा, "बाळा, किती जातंय गं?"